तुला, तगर आणि मूळचे आपण

मेक्सिकोत तुला नावाचं शहर इ.स. ९०० ते ११५० च्या सुमारास भरभराटीला आलं. ते टोलटेक लोकांचं. पुढे उत्तरेकडून आलेल्या अॅझ्टेकांनी मोठी सत्ता उभी केली, पण त्यांच्या राजांनी आपलं मूळ टोलटेकांतच सांगितलं. ओसाड तुलात खणून तिथल्या मूर्तीही त्यांनी आपल्या राजधानीत नेल्या. त्यांच्या भाषेत 'टोलटेक' या शब्दाचा अर्थच कुशल कारागीर असा झाला. टोलटेकांबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या वारसदारांनी सांगितलेलं आहे. म्हणून त्यातला इतिहास किती आणि अभिमान किती, यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे.

असाच प्रकार आमच्या ठाणे-कल्याण परिसरातही घडला आहे. नवव्या ते तेराव्या शतकात इथे शिलाहारांचं राज्य होतं. ठाण्यात सापडलेला अरिकेसरीचा ताम्रपट इ.स. १०१७ चा आहे. हे राजे स्वतःला 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, संत गोरा कुंभारांचं गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराबरोबर तगरच्या बाजारपेठेचंही नाव येतं. शिलाहारांच्या काळात ते वैभव कधीच मागे पडलं होतं. कोकणच्या या राजांची सत्ता तेरवर नव्हती, तरी बिरुद पिढ्यानपिढ्या चालत राहिलं.

आम्हा मुसलमानांतही हे आहे. कोकणातली कित्येक घराणी आपलं मूळ अरबस्तानात सांगतात. काहींचं खरंही असेल. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे शिलाहार राजा झंझाची सत्ता होती. तिथल्या दहा हजार मुसलमानांची नोंद तो करतो. त्यांत बसरा, बगदाद, ओमानचे होते, तसे इथेच जन्मलेलेही होते. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही इथे 'इथलेच' मुसलमान होते. आज कुणी 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारतो, तेव्हा वंशावळीतल्या अरबापेक्षा मसूदीची ही नोंद मला जास्त जवळची वाटते.

शिलाहारांचा दावा खरा की खोटा, हे ठरवून फारसं काही हाती लागत नाही. कल्याणहून कर्जत लोकलने तिसऱ्या स्टेशनावर उतरा. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहारांची खरी ओळख तिथे आहे. तगरचं वैभव त्यांना ऐकूनच माहीत होतं, हे मंदिर मात्र त्यांच्या राज्यात, इथल्याच दगडात उभं राहिलं.