पावाचा हिशोब आणि पहिला ऑफिस कॉम्प्युटर

माझा मामेभाऊ केटरिंग करतो. गेल्या शनिवारी एका कँटीनचं टेंडर घेऊन तो घरी आला. "तू कॉम्प्युटरवाला, जरा एक्सेलमध्ये बसवून दे." वहीत शिधा, भाजी, गॅस, आचारी, वाढपी असं सगळं लिहिलेलं. बेरीज करायची, वर पंधरा टक्के ठेवायचे, की झाला पर प्लेट भाव! मी विचारलं, "गाळ्याचं भाडं? टेम्पो? उरलेलं अन्न? बिल दोन महिन्यांनी मिळणार, तोवरचं व्याज?" तो म्हणाला, "ते पंधरा टक्क्यांत निघतं की." खरंच निघतं का, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता गंमत ऐका. ह्याच प्रश्नाच्या मागे लागून लंडनच्या एका केटरिंग कंपनीने चक्क स्वतःचा कॉम्प्युटर बांधला होता!

जे. लायन्स अँड कंपनी. सुरुवात १८८७ च्या न्यूकॅसल प्रदर्शनातल्या केटरिंगच्या कंत्राटापासून. १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत त्यांचं पहिलं चहाचं दुकान निघालं आणि पुढे अशी दुकानं शेकड्यांनी झाली. १९२५ मध्ये ऑलिंपिया सभागृहात त्यांनी एका वेळी सुमारे आठ हजार पाहुण्यांची पंगत उठवली.

पण मोठ्या पंगतीपेक्षा त्यांचं रोजचं दुखणं वेगळं होतं. गिऱ्हाईक यायचं, चहा-बन घ्यायचं, काही पेन्स देऊन जायचं. बिल एवढंसं, नफा त्याहून एवढासा, आणि प्रत्येक बिलामागे कारकुनांची फौज. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणजे खर्च मोजण्याचा खर्च हाच एक मोठा वरखर्च होऊन बसलेला.

१९२३ मध्ये केंब्रिजचा गणिती जॉन सिमन्स कंपनीत आला. कारकुनी काम कमी कसं करता येईल ह्यावर त्याने वर्षानुवर्षं डोकं लावलं. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेला गेले. तिथे त्यांना कळलं की कॉम्प्युटर तर आपल्या घराजवळच, केंब्रिजला बनतोय. लायन्सने विद्यापीठाला तीन हजार पौंड दिले, एक माणूस मदतीला दिला आणि बदल्यात ज्ञान मिळवलं. त्यातून उभा राहिला 'लिओ', हजारो व्हॉल्व्हचा खोलीभर पसारा.

नोव्हेंबर १९५१ च्या अखेरीस लिओने पहिलं नेहमीचं काम हाती घेतलं. कुठलं? बेकऱ्यांचं साप्ताहिक मूल्यांकन! किती पाव, किती केक बनले. त्यात माल किती, मजुरी किती आणि अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा किती. कुठल्या विक्रीकडे किती गेले. म्हणजे मामेभावाच्या वहीत जो रकाना नव्हता, तो जगातल्या पहिल्या बिझनेस प्रोग्रॅममध्ये होता. आपण पोटापाण्यासाठी जे करतो, त्याची सुरुवात पावाच्या हिशोबातून झालीय :-)

मग लायन्स कायमची तरली का? नाही. १९७० च्या दशकात तिने परदेशी चलनात मोठी कर्जं काढून कंपन्या विकत घेतल्या. पौंड घसरला, कर्ज फुगलं. १९७८ मध्ये अलाइड ब्रुअरीजने लायन्सच विकत घेतली. पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्यांना शेवटी चहा-पावाने नाही, कर्जाने बुडवलं. हाही वरखर्चच, फक्त बेकरीच्या भिंतीबाहेरचा.

असो. शीट तयार झाली. वरखर्चाची महिन्याची बेरीज भागिले महिन्याच्या थाळ्या, इतकं साधं गणित. भाव वहीतल्यापेक्षा बराच वर गेला. भाऊ गप्प बसला, मग म्हणाला, "ह्या भावाने टेंडर मिळणार नाही रे."

"नसेल मिळत. पण कुठपर्यंत खाली उतरायचं, ते तरी कळलं ना?"

सोमवार शेवटची तारीख आहे. वही आणि शीट, दोन्ही घेऊन गेलाय. बघू कुठला आकडा भरतो ते.