कुंडीतला गांजा आणि कायदा

गिंडीच्या एखाद्या गच्चीवर, मोगऱ्याशेजारच्या कुंडीत, कुणा नवख्याने गांजाचे बी रुजवले तरी कायद्याच्या लेखी ती लागवडच. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम २० रोपे मोजत नाही: एक असो की शेतभर, शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर एक लाखापर्यंत दंड. उलट तयार गांजा किलोभरापर्यंत जवळ सापडला, तर जास्तीत जास्त एक वर्ष. विकत घेणाऱ्यापेक्षा कुंडीत लावणारा मोठा गुन्हेगार, हे मला तरी अजब वाटते.

पण लागवडीवरचा हा डोळा जुना, अबकारी खात्याचा आहे. १८९३-९४च्या आयोगाने देशभर १,१९३ साक्षी नोंदवल्या, सात खंड लिहिले. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, पण लागवड परवान्याखाली आणावी, असे त्याने सांगितले. (आयोगाचे तिघे हिंदी सभासद उत्तरेतले आणि बंगालचे, मद्रास-मुंबईचा एकही नाही.) नमुना होता बंगालमधल्या नौगावचा. तिथे पारखी माणूस शेतात फिरून नर रोपे ओळखून उपटायला लावी, कारण बी धरले की गांजाची प्रत उतरते. अशा एकगठ्ठा शेतावर कर बसवता येई, पहारा ठेवता येई. परसातल्या एकट्या रोपावर दोन्ही अवघड.

आजच्या कायद्यात शेंड्याविना असलेली पाने आणि बी ‘गांजा’ धरत नाहीत. म्हणून काही राज्यांत परवान्याची भांगेची दुकाने चालतात. कुंडी मात्र तिथेही चालत नाही.