सभामंडपाची परंपरा : भारूड, जलसा आणि कलापथक

मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड, चुना आणि सिमेंट यांचे काम नव्हे. गाभारा देवाचा असतो, परंतु सभामंडप गावाचा असतो. भजन, कीर्तन, भारूड, गोंधळ, जत्रेतील खेळ या साऱ्या कला आपल्याकडे देवळाच्या आश्रयाने वाढल्या. नागापूरच्या मंदिराचे काम आपण सर्वांनी मिळून पूर्णत्वास नेले, या आनंदाच्या प्रसंगी एक गोष्ट आठवावीशी वाटते. जी माणसे एकेकाळी सभामंडपाबाहेर उभी होती, त्यांना आत आणण्याच्या कामी कायद्याइतकाच गाण्याचा आणि नाटकाचा मोठा वाटा आहे. या कामात आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचाही हातभार लागला आहे.

कलावंत आत, माणूस बाहेर

जुन्या गावगाड्यात देवाची पालखी हलगी आणि सनईशिवाय निघत नसे. परंतु ती वाजविणाऱ्या मातंग बांधवास गाभारा तर दूरच, देवळाची पायरीही मोकळी नव्हती. जत्रेत तमाशाचा फड लागे. ढोलकी वाजविणारे, तुणतुणे धरणारे, नाचणाऱ्या स्त्रिया ही मंडळी बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतली असत. रात्रभर गाव त्यांना दाद देई, फेटे उडवी. आणि सकाळी त्याच मंडळींच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. कला गावाला हवी होती, कलावंत मात्र वेशीबाहेरच बरा वाटे. ही विसंगती ध्यानी घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही.

संतांनी घातलेला पाया

या विसंगतीवर पहिला घाव संतांनी घातला. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि ज्ञानाचे दार सामान्यांस उघडले. मुसलमान घराण्यात जन्मलेले शेख महंमद श्रीगोंद्याचे. ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ रचून ते वारकरी परंपरेत मान पावले. चोखोबांना मात्र जिवंतपणी विठ्ठलाच्या देवळात प्रवेश मिळाला नाही. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे, ती आजही पंढरीस जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते.

सोळाव्या शतकात पैठणच्या नाथांनी भारुडे रचली. महार, जोशी, वाघ्या, मुरळी, गोंधळी, आंधळा, बहिरा अशी गावातील नाना माणसे त्यांनी भारुडात बोलती केली. भारूड म्हणणारा त्या माणसाचा वेश घेतो, त्याच्या तोंडाने बोलतो. घटकाभर का होईना, दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय भारूड रंगतच नाही. नाटकाचे खरे सामर्थ्य येथेच आहे. उपदेश ऐकताना माणूस हात बांधून बसतो; सोंग पाहताना तो आधी हसतो, आणि हसता हसता आपण कोणाला हसलो याचा विचार करू लागतो.

जलसे आणि तमाशा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानामुळे नाडले गेलेले एक शेतकरी जोडपे अखेर शिक्षणाची वाट धरते, असे त्याचे कथानक. त्या काळी या नाटकास आश्रय मिळाला नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच्या विचारांचे जलसे खेड्यापाड्यांत फिरू लागले. जलसा म्हणजे तमाशाच्याच घाटाचा खेळ. ढोलकी, डफ, झांज, तुणतुणे तेच, सवाल-जवाब तेच, परंतु विषय मुलांची शाळा, लग्नातील उधळपट्टी, सावकारी, भोळ्या समजुती आणि जातिभेद. ज्यास अक्षरओळख नाही, त्याच्यापर्यंत हा विचार पोहोचविण्याचे दुसरे साधन नव्हते. ज्यांस वाचता येत होते त्यांच्यासाठी नेवासे तालुक्यातील तरवडी या लहानशा गावातून मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ चालविले. १९१० पासून १९६७ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, एका खेड्यातून वर्तमानपत्र निघत होते, ही आपल्या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट होय.

१९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, जोहार घालून भाकरी मागू नका, मुलांना शाळेत घाला, ताठ मानेने राहा, हे त्यांचे सांगणे. या जलशांत बाईला नाचविणे बंद झाले. दिवसा गिरणीत किंवा शेतात राबून रात्री उभे राहणारे हे कलावंत बिदागीसाठी गात नव्हते.

याच्या शेजारी पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांची कथा ठेवून पाहावी. पवळाबाई आपल्या जिल्ह्यातील, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील, महार समाजातील कलावंत. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. कलेपायी त्यांनी घरदार आणि जात दोन्ही सोडली, आणि दोघांच्या फडाने उभा महाराष्ट्र गाजविला. परंतु महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्यास बापूरावांनी खेळाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली, तेव्हा आमच्या भगिनींना नाचवून मिळविलेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारल्याचे सांगितले जाते. यात बापूरावांच्या प्रतिभेचा अनादर नाही. रंगमंचावर मिळालेली टाळी म्हणजे गावात मिळालेला मान नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. पवळाबाईंना टाळ्या उदंड मिळाल्या. मान मिळाला का, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा.

झाडू आणि कीर्तन

संत गाडगेबाबांनी कीर्तनाला आणखी एक वळण दिले. ते गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. दारू, कर्ज, नवसाचे बकरे, अस्वच्छता, शिवाशिव यांवर ते बोलत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा उभी केली, कारण अस्पृश्य वारकऱ्यांस तेथे उतरायला जागा नव्हती. मनाचे आरोग्य, शरीराचे आरोग्य आणि गावाची एकी या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी पुस्तकाशिवाय शिकविले.

पंढरपूरचे दार

या साऱ्या धारा १९४७ साली एकत्र आल्या. विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषणाचा निश्चय केला. परंतु आधी लोकांची मने वळवावीत म्हणून काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. त्यात राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यांच्या सोबतीला होते. गावात आधी पोवाडा, गाणी, संवाद होत आणि मग गुरुजी बोलत. या दौऱ्यात कित्येक गावांच्या विहिरी आणि मंदिरे खुली झाली. १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले, दहाव्या दिवशी ते सुटले, आणि विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडण्याची वाट मोकळी झाली. त्याच साली मुंबई सरकारचा मंदिर-प्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. कायद्याने दाराचे कुलूप निघाले. आत येणाऱ्यास ‘या, बसा’ म्हणायला गाव शिकले ते अशा गाण्यांमुळे.

पुढे सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारखी मंडळी पुढे आली, आणि लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी कष्टकऱ्यांचा आवाज घुमविला. अलीकडे, २०१४ पासून, ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. वस्तीतील मुले आपल्याच जगण्यावर नाटुकली बसवू लागली. आपले दुःख चारचौघांत मांडता आले आणि ते लोकांनी ऐकून घेतले, की माणसाचे ओझे हलके होते. हा अनुभव भारुडापासून आजपर्यंत एकच आहे.

आपले कर्तव्य

नागापूर हे आता केवळ शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. औद्योगिक वसाहतीमुळे परजिल्ह्यांतून, परप्रांतांतून कामगार कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहत आहेत. पूर्वी वेशीबाहेर कोण होते, हे आपण वाचले. आज वेशीच्या आत राहूनही एकटे कोण आहे, याचा विचार व्हावा. नव्या सभामंडपात वर्षातून एकदा तरी गावातील प्रत्येक गल्लीतील आणि खोल्यांतील मुलामुलींचे मिळून एखादे नाटक किंवा भारूड बसवावे. तालमीला दोन महिने एकत्र बसलेली मुले पुढे जन्मभर एकमेकांस नावाने हाक मारतात. वृद्ध, विधवा, अपंग यांना पुढची जागा असावी. जत्रेत पालखीपुढे हलगी वाजविणाऱ्यास आणि खेळ करणाऱ्या कलावंतास देणगीदारांच्या बरोबरीने नारळ, फेटा आणि पंगतीत पाट मिळावा.

देणगीदारांच्या पैशाने आणि ग्रामस्थांच्या श्रमाने मंदिर उभे राहिले. आता त्याच्या सभामंडपात कोणी उभे राहू नये, सर्वांनी बसावे, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.