दिव्यांची अवस आणि पन्हाळगड



दिव्यांचा सण म्हटला कीं आपल्या मनांत दिवाळी उभी राहते. आकाशकंदील, पणत्यांच्या ओळी, पहांटेचें अभ्यंगस्नान, आणि मुलांनीं अंगणांत रचलेला मातीचा किल्ला. परंतु आपल्या पंचांगांत दिव्यांचा आणखी एक दिवस आहे, आणि त्याचा स्वभाव दिवाळीच्या अगदीं उलट आहे. तो म्हणजे आषाढी अमावास्या, बायकांच्या बोलण्यांतली दिव्यांची अवस. या दिवशीं रोषणाई नाहीं, दारूकाम नाहीं, पाहुण्यांची वर्दळ नाहीं. बाहेर पाऊस कोसळत असतो, दार लोटलेलें असतें, आणि आंत घरांतले सारे दिवे एका पाटावर जमतात. हल्लीं या दिवसाला एक ओंगळ नांव पडलें आहे आणि श्रावणापूर्वींचें मद्यमांस हाच त्याचा अर्थ होऊन बसला आहे. त्याविषयीं अधिक बोलत नाहीं. या अवसेचा आणि पन्हाळगडाचा जो संबंध मला दिसतो, तेवढाच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पन्हाळाच कां, असें कोणी विचारील. शिलाहार राजा दुसरा भोज बाराव्या शतकाच्या अखेरीस येथें नांदत होता. त्याच्यामागून यादव, बहामनी, आदिलशहा, मराठे असे धनी बदलत गेले. पण गडावरची वस्ती मोडली नाहीं. रायगड-राजगडावर आज आपण जोतीं पाहावयास जातों. पन्हाळ्यावर चुली पेटतात आणि तिन्हीसांजेला देवघरांत दिवा लागतो. आषाढांत धुकें येथें खिडकींतून घरांत शिरतें. कपडे वाळत नाहींत, वाती सर्द होतात. दिव्याची किंमत कळावयाची तर ती अशाच ठिकाणीं.

आतां पंचांग आणि इतिहास जरा शेजारीं ठेवूं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, प्रतापगडाखालीं अफजलखान पडला, आणि अठराव्या दिवशीं, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजीमहाराजांच्या हातीं आला. त्या सालची दिवाळी आणि त्रिपुरी पौर्णिमा तोंवर होऊन गेल्या होत्या. पुढें २२ सप्टेंबर १६६० रोजीं गड आदिलशाहीकडे परत द्यावा लागला, तेव्हां दिवाळीस महिन्याचा अवकाश होता. म्हणजे मराठ्यांच्या या पहिल्या दहा महिन्यांच्या अमलांत पन्हाळ्यावर दिवाळी आलीच नाहीं. दिव्यांचा म्हणून जो एकच मोठा दिवस त्या अमलाच्या वांट्यास आला, तो आषाढी अमावास्येचा. आणि तोही कसा आला पाहा.

मार्च १६६० पासून सिद्दी जौहराचा वेढा गडाला पडला होता. पावसाळा लागला कीं वेढा ढिला पडेल ही अपेक्षा त्यानें खोटी ठरविली. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफ घेऊन त्याच्या मदतीस आले होते. १२ जुलैच्या रात्रीं, आषाढी पौर्णिमेस, महाराज गडावरून निसटले. दुसऱ्या पालखींतून शिवा काशीद राजा म्हणून शत्रूच्या हातीं गेला आणि प्राणाला मुकला. घोडखिंडींत बाजीप्रभु आणि बांदलांचे मावळे पडले, आणि महाराज विशाळगडास पोंचले. ही कथा आपणां सर्वांस पाठ आहे. आजही दर जुलैंत शेंकडों तरुण त्याच वाटेनें पावसांतून चालत जातात.

पण आपल्या इतिहासलेखनाची एक खोड आहे. राजा निघाला कीं लेखणीही त्याच्याबरोबर निघते. मागें राहिलेल्या गडाचें काय? त्र्यंबक भास्कर शिबंदी घेऊन तेथें उभाच होता. वेढा उठला नव्हता, पाऊस थांबला नव्हता, आणि पौर्णिमेनंतर पंधराव्या दिवशीं अवस आली. त्यानंतरही जवळजवळ दोन महिने गड झुंजत राहिला, आणि अखेर महाराजांच्याच आज्ञेनें सोडला गेला. वेढ्यांतल्या गडावर तेल हें धान्याइतकेंच जपून वापरावें लागतें. अंबरखान्याचीं प्रचंड कोठारें लोकांच्या डोळ्यांत भरतात. परंतु कोठारांतलें धान्य काढावयास आणि रात्रीचा पहारा बदलावयास दिवाच लागे. अंधारबावीसारख्या तीन मजली विहिरींत तर भरदिवसाही त्यावांचून पाऊल टाकवत नाहीं. सण साजरा करण्याइतकें मन तेव्हां कोणाचें असेल? पण या अवसेला निराळें मन लागतच नाहीं. दिवा नीट आहे कीं नाहीं हें पाहणें, एवढीच तिची मूळ पूजा आहे.

या दिवशीं घरांत काय होतें तें जरा बारकाईनें पाहिलें म्हणजे हें ध्यानांत येईल. समया, निरांजनें, पंचारती, लामणदिवे, अडगळींतले कंदील, घासलेटच्या चिमण्या, सगळें बाहेर निघतें. चिंचेनें आणि राखेनें घासतांना कोठली समई झिरपते, कोणत्या समईचें मळसूत्र ढिलें झालें आहे, कोणत्या कंदिलाची कांच तडकली आहे, तें आपोआप कळतें. मग पाटाभोंवतीं रांगोळी, हळदकुंकू, दुर्वा, आघाडा. कणकेंत गूळ घालून केलेले दिवे उकडतात, त्यांत तुपाची वात लावतात आणि त्यांनींच घरच्या दिव्यांना ओवाळतात. पुढें चार महिने अंधाराचे आणि पावसाचे. त्यांच्या तोंडाशीं घरधनीण आपल्या दिव्यांची हजेरी घेते. गडकऱ्यानें पावसाळ्यापूर्वीं दारूकोठार तपासावें, तशांतलाच हा प्रकार.

या पूजेनंतर सांगतात ती कहाणी मला फार अर्थपूर्ण वाटते. एका राजाच्या सुनेनें घरांतलें कांहीं स्वतः खाल्लें आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनीं सूड म्हणून तिची चोळी रात्रीं पाहुण्याच्या अंथरुणांत नेऊन टाकली. सासूनें आणि दिरांनीं तिला घराबाहेर काढलें. ती घरचे दिवे रोज घाशी, त्यांना खडीसाखरेचा हात लावी. ती गेल्यावर तें सारें बंद झालें. पुढच्या अवसेला शिकारीहून परतणारा राजा एका झाडाखालीं उतरला असतां गांवांतले सगळे दिवे त्या झाडावर जमून आपापल्या घरचीं सुखदुःखें बोलूं लागले. राजाच्या घरचा दिवा बोलला, तेव्हां सून निर्दोष असल्याचें सासऱ्याला कळलें, आणि त्यानें तिला मानानें परत आणली. लक्षांत घ्या, सून अगदींच निष्पाप नाहीं. तिनें खोटा आळ घातलाच होता. पण तिच्यावर आला तो आळ फार मोठा होता. त्या घरांत तिची बाजू घेणारें माणूस एकही निघालें नाहीं. साक्ष दिली ती तिनें रोज पुसलेल्या दिव्यानें. दार लावून सांगावयाची कहाणी हीच कां, हें पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुनांना समजावून सांगावें लागलें नसेल.

कहाणींतले उंदीर म्हणजे नुसता कल्पनेचा खेळ, असें मात्र समजूं नका. ६ मार्च १६७३ च्या अंधाऱ्या रात्रीं कोंडाजी फर्जंदानें साठ माणसांनिशीं पन्हाळा परत घेतला. त्या पराक्रमावर जयराम पिंड्ये यानें संस्कृत काव्य रचलें आहे. साधारण याच सुमारास, १६७३-७४ मध्यें, महाराजांनीं चिपळुणाकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना एक पत्र पाठविलें. रयतेच्या भाजीच्या देंठासही हात लावूं नका, म्हणून जें पत्र प्रसिद्ध आहे तेंच हें. त्यांत दिव्याविषयींही ताकीद आहे. रात्रीं दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि पावसाळ्यासाठीं राखलेली वैरण जळून घोडीं मरतील, असा त्याचा आशय आहे. छत्रपतीच्या लेखणींत वात आणि उंदीर यावेत याचें आश्चर्य वाटतें. पण ज्या घरांत ही अवस पाळली जात असेल, तेथें हें ज्ञान लहानपणींच मिळत असलें पाहिजे. वाटेल त्यानें हें माझें अनुमान म्हणून बाजूस ठेवावें.

पुढें कोल्हापूरच्या गादीसाठीं रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलें. गडावरच्या घरांची जमीन उंदीर, विंचू, मुंगी यांचा उपद्रव होणार नाहीं अशी फरसबंद असावी, हें त्यांतही सांगितलें आहे. या थोर कारभाऱ्याची समाधि पन्हाळ्यावरच आहे. ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींची राजधानी येथें होती. कवि मोरोपंत १७२९ सालीं येथेंच जन्मले. १८४४ मध्यें गडकऱ्यांनीं बंड केलें, १ डिसेंबरला इंग्रजांनीं गड घेतला, आणि दरवाजे-तट पाडून टाकले. तट पडले तरी वस्ती राहिली.

२०२५ सालीं पन्हाळ्याचें नांव जागतिक वारसायादींत गेलें. तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंबरखाना यांची निगा आतां अधिक होईल, हें चांगलेंच झालें. घरांतल्या समयांची यादी कोणी करीत नाहीं. ती ज्याची त्यानें करावयाची. विजेचे दिवे आल्यापासून पाटावर बॅटरी ठेवणारीं घरें आहेत, चार्जिंगचा दिवा ठेवणारींही आहेत. त्याला कोणी हंसूं नये. वादळी पावसांत वीज गेली म्हणजे हाताशीं येतो तोच घरचा दिवा, आणि त्याची पेशी सुकली आहे कीं नाहीं हें आषाढांतच पाहिलेलें बरें.

ओवाळून झालें कीं कणकेच्या दिव्यांतल्या वाती काढून टाकतात, वर साजूक तूप घालतात, आणि पोरें ते गरमगरम खातात. समया पुसून पुन्हा कोनाड्यांत जातात. भिंतीवर जिवतीचा नवा कागद लागतो, आणि दुसऱ्या दिवशीं श्रावण सुरू होतो.