चिखल, बर्फ आणि बंडीची धाव

टायरच्या कडेला बारीक अक्षरांत काय काय छापलेलं असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. कधी सवड मिळाली तर वाचा. बऱ्याच टायरांवर 'एम + एस' अशी अक्षरं दिसतील. मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ. मी मूळचा मुलचेऱ्याचा (गडचिरोली जिल्हा, नकाशात आष्टी-आलापल्लीच्या आसपास बोट ठेवा) आणि गेली बरीच वर्षं मुक्काम मॉन्ट्रियलला. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य पहिल्या अक्षरात गेलं आणि उरलेलं दुसऱ्यात चाललंय :)

हे पुराण आज काढायचं कारण म्हणजे भाचा. तो यंदा उन्हाळ्यात टोरंटोजवळ राहायला आला. जुनी गाडी घेतली, दोन वर्षांच्या पोरीला रोज डे-केअरला सोडायचं, नोकरी नवीन, खर्च वाढते. त्याचा फोन आला, "मामा, आमच्या ऑन्टारिओत विंटर टायरची सक्ती नाही म्हणतात. गाडीला ऑल सीझन आहेत, त्यावर एम + एस पण लिहिलंय. मग चार टायरांचे पैसे कशाला घालू?" प्रश्न रास्त आहे. फोनवर दिलेलं उत्तर लांबत गेलं, म्हणून इथे लिहून काढतोय. बाकीच्यांनी इतिहास म्हणून वाचावं.

टायरला मराठीत फार जुना शब्द आहे: धाव. बंडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी ती धाव. आमच्याकडे बंडीच्या कामाला तिवसाचं लाकूड चांगलं मानतात, आणि धाव चढवणं हा लोहाराचा सोहळा असायचा. धाव चाकापेक्षा जराशी लहानच करायची. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लालभडक तापवायची, तापून फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफेचा ढग, आणि थंड होताना आकसलेली धाव चाकाचे सगळे सांधे आवळून टाकते. आम्ही पोरं तो चर्रर्र ऐकायला शाळा बुडवायचो.

ही धाव अरुंद असते. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून बंडी जाते तेव्हा अरुंद चाक वरचा मऊ गारा कापत खाली घट्ट जमिनीपर्यंत पोचतं आणि तिथे टेकतं. मधेच तळ नसलेली जागा आली की मात्र आसापर्यंत रुततं, मग बैलांचे आणि माणसांचेही हाल. रबरी हवेचं चाक रुंद, ते चिखलावर पसरतं. बैलांना ओढ कमी लागते, माल जास्त नेता येतो. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी म्हणून आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. त्यांच्या अंदाजाने तेव्हा देशात दीड कोटी बैलगाड्या होत्या. बाहेरच्या लोकांना वाटायचं, एवढा फायदा दिसत असून खेडूत रबरी चाक का घेत नाही? आमच्या भागापुरतं उत्तर सोपं आहे. जंगलात काटे, पंक्चर काढणारा वीस मैलांवर. चाक निवडताना माणूस सगळ्यात वाईट दिवसाचा विचार करतो, आणि तो बरोबरच करतो.

(अवांतर: मुलचेऱ्याच्या आसपास पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची बरीच गावं आहेत. नद्यांच्या आणि होड्यांच्या मुलखातून आलेल्या माणसांना सरकारने जंगलात आणून वसवलं. ते बंडी हाकायला कसे शिकले असतील, यावर कुणीतरी लिहायला हवं.)

आता रबराकडे. थंडी आणि रबर यांचं वैर पहिल्यापासूनचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबराचे बूट आणि कोट निघाले खरे, पण उन्हाळ्यात ते चिकट व्हायचे आणि थंडीत लाकडासारखे कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबरात गंधक घालून तापवायची युक्ती सापडली आणि रबर दोन्ही ऋतूंत टिकू लागलं. हवेच्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी ते पुन्हा शोधलं. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला अजून कुणी कुणी 'डनलॉप' म्हणतात, त्या डनलॉपचा हा मूळपुरुष.

म्हणजे रबर टिकलं, फुगलं. बर्फावर मात्र घसरतच राहिलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने १९०४ मध्ये टायरवर बांधायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. चिखलात अडकलेले मोटारवाले चाकाभोवती दोर आणि वेली गुंडाळतात हे बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच! आमच्याकडे रुतलेल्या जीपच्या चाकाला माहुलवेलीचा दोर गुंडाळताना मी स्वतः पाहिलंय. त्या ड्रायव्हरने वीडचं नाव ऐकलं असण्याची काडीची शक्यता नाही. साखळी अजूनही गेलेली नाही. मनाली-रोहतांगकडे बर्फ पडला की साखळीशिवाय गाड्या पुढे सोडत नाहीत.

खास बर्फासाठी घडवलेला टायर आला फिनलंडमधून. तिथल्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारीसाठी 'हाक्कापेलिट्टा'. सतराव्या शतकात स्वीडनच्या राजासाठी लढणाऱ्या फिनिश घोडेस्वारांचं हे नाव. आपण एखाद्या टायरचं नाव 'मावळा' ठेवावं तसं. त्या कारखान्याचं गाव नोकिया. हो, तोच नोकिया. १९६७ मध्ये रबर कारखाना, केबल कारखाना आणि मूळची नोकिया कंपनी एक झाले, १९८८ मध्ये टायरवाले वेगळे निघाले. आपल्यापैकी कित्येकांचा पहिला मोबाईल या टायरांचा चुलतभाऊ होता.

१९६० च्या दशकात टायरला खिळे आले. गुळगुळीत बर्फावर खिळ्यांसारखी पकड कशाचीच नाही. पण बर्फ नसेल तेव्हा तेच खिळे डांबर खरवडतात. जपानच्या उत्तरेकडच्या शहरांत हिवाळ्यात त्या धुळीने लोकांना श्वास घेणं मुश्कील झालं, आणि १९९० मध्ये जपानने खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला. त्यामुळे कारखान्यांना बिनखिळ्यांचा पण पकड धरणारा टायर शोधणं भागच पडलं. थंडीत मऊ राहणारं रबर, त्यात सिलिका, आणि वर ब्लेडने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा. चिरांची कल्पना त्याआधीची, जॉन साइप नावाच्या अमेरिकनाने १९२३ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. तो खाटीकखान्यात कामाला होता आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून बुटाच्या तळव्याला चिरा पाडायचा, अशी गोष्ट सांगतात. आमच्या बाजारात टायर कापून चपला करतात. हा बुटावरून टायरवर आला.

तर आता भाच्याचा 'एम + एस'. ही अक्षरं नक्षीवरून मिळतात, खोबणी पुरेशा मोठ्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही. चाचणीचं चिन्ह वेगळं आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. अमेरिका आणि कॅनडाच्या टायर उद्योगाने ते १९९९ मध्ये आणलं. ठरावीक टायरची बर्फावरची पकड १०० धरली, तर ज्याची किमान ११० भरेल त्यालाच ते मिळतं. आमच्या क्युबेकमध्ये २००८ च्या हिवाळ्यापासून विंटर टायरची सक्ती आहे. त्याआधीही बहुतेक लोक आपणहून लावत होतेच. डिसेंबर २०१४ पासून इथे डोंगराचं चिन्ह किंवा खिळे असलेलाच टायर चालतो, नुसतं एम + एस नाही. तारखाही पुढे वाढवल्या, आता १ डिसेंबर ते १५ मार्च. ऑन्टारिओत सक्ती नाही हे खरं, पण १ जानेवारी २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत द्यावीच लागते. ती मागून घे, आपणहून कुणी देत नाही.

आणि बर्फ नसला तरी थंडी असतेच. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की ऑल सीझनचं रबर ताठर व्हायला लागतं. गुडइयरच्या आधीच्या कोटाची आठवण ठेव. गाडी चारही चाकांनी ओढणारी असली की लोक निर्धास्त होतात. ती ओढ निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतो तो टायर. मुलचेऱ्याच्या चिखलात गाडी अडकली तर ती अडकते, चार माणसं ढकलतात, उशीर होतो, आई ओरडते. बर्फावर गाडी अडकत नाही, सुटते. मागच्या सीटवर पोर असताना हा फरक मला फार मोठा वाटतो.

घेताना चारही घे. पुढे दोनच लावले तर वळणावर मागची बाजू निसटते. कंपनीने दिलेल्या मापांपैकी अरुंद माप निवड. बर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत पोचायचंय, बंडीच्या धावेसारखं. कडेला चार आकडे असतात ते बघ: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. जुने विकत घेत असशील तर नक्षीची खोली पाचेक मिलिमीटर तरी हवी. आणि मार्चनंतर काढायला विसरू नको, उन्हाळ्यात मऊ रबर भराभर झिजतं.

टायरवाल्याकडे नंबर ऑक्टोबरातच लाव. पहिला बर्फ पडला की तिथे आपल्या रेशन दुकानासारखी रांग असते.