एकसरचे वीरगळ आणि आपण

शाळेत असताना आपण चिंचोके घासायला ज्या दगडांशी जायचो, ते आठवतात का? बोरिवलीच्या एकसर गावातले, माणसाहून उंच, आडव्या पट्ट्यांत कोरलेले. कुणी म्हणे ते देव आहेत, कुणी म्हणे समुद्रात बुडालेल्या राजाची माणसं. आपण दोन्ही ऐकून घ्यायचो आणि चिंचोका घासायचो.

ते वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांची स्मारकं. एकसरला असे सहा आहेत. वाचायचे ते खालून वर. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ आहेत, पण त्यांवर बहुधा गुरांसाठीची झुंज किंवा घोडेस्वारांची चकमक असते. एकसरला हत्ती आहेत आणि चक्क जहाजंही. डोलकाठ्या, ओळीनं वल्ही आणि वर शस्त्रं घेतलेली माणसं. आरमारी लढाई दाखवणारे असे वीरगळ फार दुर्मीळ.

लढाई कोणती? उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, राजधानी ठाणे. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवानं १२६५च्या सुमारास त्याच्यावर स्वारी केली. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर जहाजांवर गेला आणि समुद्रातच संपला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. हा हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत. हेमाडपंती देवळांवर बाई टीप लिहायला सांगायच्या, तोच.

हत्ती आणि जहाजं एकत्र दिसतात, म्हणून बरेच अभ्यासक हे वीरगळ याच युद्धाचे मानतात. काहींनी ते त्याहून जुने, अकराव्या शतकातलेही मानले आहेत. दगडांवर आज वाचता येईल असं नाव नाही, साल नाही. तेव्हा गावातली गोष्ट पुराव्याच्या जवळ जाते, पण पुरावा होत नाही.

मला मात्र वेगळीच गोष्ट लागून राहते. सोमेश्वराची हकिकत आपल्याला कळते ती जिंकणाऱ्याच्या मंत्र्याकडून, आणि ती थट्टेच्या सुरात आहे. मेलेल्यांच्या बाजूनं बोलणारे हे दगडच आहेत, आणि त्यांचं बोलणं नक्षीत आहे. ऊन-पावसानं ती झिजतेच आहे. त्यात थोडी झीज माझ्या चिंचोक्यांचीही असेल. मुलाला पहिल्यांदा दाखवायला नेलं, तेव्हा त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही इथे काय करायचात?" मी विषय बदलला.

बाईंना दोष नाही. पुस्तकात शिलाहारांना जेमतेम चार ओळी होत्या आणि परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नसे. पण शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर सातेकशे वर्षांपूर्वीचं आरमार उभं होतं, आणि आपण पानिपतच्या सनावळ्या घोकत होतो.

म्हणून एक विनंती. स्नेहमेळाव्याच्या सकाळी, नाश्त्याआधी, तासभर काढून आपण सगळे एकसरला जाऊ या. सर आणि बाई, तुम्हीही या. आणि पुढच्या वर्षापासून पाचवीच्या मुलांची एक फेरी तिथे नेऊ या. त्यांना फक्त एवढंच सांगायचं: खालून वर वाचा, आणि हात लावू नका.