अंगचोरीचे माप

काम कमी पडते आहे हे कोणी आणि कशावरून ओळखायचे, याची मुंबईच्या उपनगरांत एकामागून एक वेगवेगळी उत्तरे होऊन गेली. त्यांतले जुने उत्तर दगडाचे. कुर्ला, घाटकोपर, पवई, मालाड इथल्या खाणींनी शहराला दगड आणि खडी पुरवली; राजाबाई टॉवरही (१८७८) कुर्ल्याच्या पिवळसर दगडात उभा आहे. खाणीत मजूर घण, पहार, सुतकी घेऊन उतरत. त्यांत वडार समाजाची माणसे पुष्कळ. मजुरी ठरे ब्रासवर, म्हणजे १०० घनफूट मालावर. अंगचोर शोधायला वेगळा माणूस लागत नसे. संध्याकाळी ज्याचा त्याचा ढीग समोर असे. वाद निघे तो मापाचा. ढीग सैल रचला की माप फुगते, ठासून रचला की आटते, आणि टेप धरणारा हात मजुराचा नसतो. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत या खाणकामगारांवर उपचार करता करता साठच्या दशकात त्यांच्या संघटनेत उतरले.

तोवर आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहिले होते: कुर्ल्याला प्रीमिअर, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सीएट. इथे ढीग एकट्याचा नसतो. एकाचा माल अडला की पुढचा रिकामा बसतो आणि आळशी नेमका कोण, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून स्टॉपवॉच आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने केंद्र सरकारने १९६३ साली पवईत, विहार तलावाच्या काठी, औद्योगिक अभियांत्रिकीचे प्रशिक्षण देणारी ‘नीटी’ ही संस्था काढली. काम मोजणारे लोक तिथे तयार होऊ लागले.

त्यांच्या शास्त्रात गतीला गुण असतात. १०० गुण म्हणजे ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर चालणाऱ्या माणसाचा झपाटा. ७५ म्हणजे ताशी पावणेपाच किलोमीटरच्या आसपास, उक्त्या दराशिवाय रोजंदारीवर राबणाऱ्याची संथ, एकसारखी चाल. ७५ वाला बघणाऱ्याला मंद वाटतो, पण तो वेळ वाया घालवत नसतो, असे हे शास्त्रच बजावते. पाणी पिणे, लघवीला जाणे आणि थकवा यांसाठी पुरुषाला मिळून ९ टक्के सूट धरलेली असते. मुकादमाच्या नजरेपेक्षा हे माप निश्चितच न्यायाचे होते. मात्र मोजणारा समोर उभा राहिला की कसलेला कामगारही हात आवरता घेतो. त्यामागे हिशेब असतो: आज जास्त नग काढले तर उद्या तोच आकडा बांधला जाईल, नाहीतर दर तरी उतरेल. अमेरिकेत अभियंता फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या ग्रंथात हेच कारण नोंदवले होते. त्याचा रोष मात्र कामगारांइतकाच दर कापणाऱ्या मालकांवरही होता, ही गोष्ट त्याचे नाव घेणारे सहसा विसरतात.

हाच हात आवरण्याचा प्रकार सगळ्या खात्याने ठरवून केला की त्याला ‘गो-स्लो’ म्हणत. संपात पगार कापला जातो. इथे हजेरी भरते, यंत्र चालते आणि माल तेवढा कमी निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये साखर कारखान्याच्या एका खटल्यात ही रीत संपापेक्षाही घातक ठरवली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा कायद्याने जाणूनबुजून केलेला गो-स्लो संघटनेच्या अनुचित प्रथांत घातला. त्यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करणे सोपे नसते, कारण पुन्हा प्रश्न तोच: पुरेसे काम म्हणजे किती? कायद्याच्या पुढच्याच वर्षी सामंत मुलुंडमधून आमदार झाले, आणि दशकाच्या अखेरीस या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत त्यांच्या संघटना पसरल्या.

१९९० नंतर यातले बरेच कारखाने बंद पडले किंवा हलले आणि जागांवर मॉल, टॉवर आले. मालाड, अंधेरीच्या कॉल सेंटरांत प्रत्येक फोनला लागलेले सेकंद यंत्रच नोंदवू लागले. घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस उरला नाही. २०२३ मध्ये पवईची नीटी ‘आयआयएम मुंबई’ झाली आणि तिच्या नावातली औद्योगिक अभियांत्रिकी गळून पडली.